मृग लागतो तेव्हा, मृग दिसतो तेव्हा

बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यात मृग ठाऊक नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागतो. त्याआधी नांगरट, वखरणी उरकलेली पाहिजे, बियाणं घरात येऊन पडलेलं पाहिजे. यंदा मृगाचं वाहन कोणतं, हे पारावर बसलेला कोणीही सांगेल. ओल्या मातीवर मखमली लाल मृगाचा किडा फिरू लागला की पोरंसुद्धा त्याला नावानं ओळखतात. याच माणसांना रात्री अंगणात उभं करून ‘मृग दाखवा’ म्हटलं, तर मात्र बरेच जण इकडंतिकडं बघू लागतात. त्यात त्यांचा दोष नाही. मृग लागतो म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरतो, आणि सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते नक्षत्र त्याच्याबरोबर उगवतं आणि त्याच्याबरोबरच मावळतं. दिवसभर ते आपल्या डोक्यावरून जातं, पण उन्हात दिसत नाही. ज्या पंधरवड्यात हे नक्षत्र सगळ्यांच्या तोंडी असतं, नेमकं त्याच पंधरवड्यात ते बघायची सोय नसते.

दिसतो तो हिवाळ्यातला मृग. नोव्हेंबरच्या मध्यावर तो रात्री नवाच्या सुमारास पूर्वेला आडवा उगवतो. डिसेंबरच्या मध्यावर मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात माथ्याजवळ येतो, आणि फेब्रुवारी संपता संपता तर जेवणं व्हायच्या आतच तिथं पोचलेला असतो. पण तेव्हा निम्मा तालुका गावात नसतो. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कोयते सांगली-कोल्हापूरला, सोलापूरला, कर्नाटकात जातात. गावात म्हातारी माणसं उरतात, आणि हंगामी वसतिगृहातली पोरं. नोव्हेंबरात पहाटे चार-पाचला फडात उतरणाऱ्या माणसाच्या समोर पश्चिमेला मृग चांगला अर्ध्या आकाशावर असतो, पण त्या वेळी वर बघायची फुरसत कोणाला? पावसाचा मृग आपण पिढ्यान्‌पिढ्या जपला आणि ताऱ्यांचा मृग हळूहळू हातातून निसटला, त्याला असं एक साधं वेळापत्रकाचं कारण आहे. हे पुस्तक त्या दुसऱ्या मृगाचं आहे. तो ओळखायचा कसा, त्याचे फोटो काढायचे कसे, आणि फोटोत जे तेजोमेघ उमटतात ते नेमके काय आहेत, एवढाच त्याचा विषय.

मृग ओळखायला सोपा. चार ठळक तारे चार कोपऱ्यांवर, ते त्याचे पाय. मधोमध एका ओळीत तीन तारे, तो पोटात घुसलेला बाण. बाणाची रेघ खाली आग्नेयेकडं वाढवली की आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा भेटतो, तो व्याध, बाण मारणारा. रोहिणीच्या मागे हरणाच्या रूपात धावलेला प्रजापती आणि त्याला विंधणारा रुद्र ही ब्राह्मणग्रंथांतली कथा याच ताऱ्यांवर बेतलेली आहे. बाणाच्या वर, दोन पुढच्या पायांच्या मध्ये, तीन अंधुक ताऱ्यांचा एक छोटा पुंजका आहे. ते मृगाचं शीर्ष. मार्गशीर्ष महिन्याला नाव मिळालं ते या पुंजक्यावरून, भोवतीच्या दिमाखदार ताऱ्यांवरून नव्हे. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ लिहिलं. वसंतसंपात मृगशीर्षात होता त्या काळाच्या खुणा वेदांत आहेत, म्हणून वेदांचा काळ इसवी सनापूर्वी चार हजारच्या आसपास जातो, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो सगळ्यांनी मान्य केला असं नाही. पण एका नक्षत्राच्या जागेवरून इतिहासाचं वय काढायला निघालेला माणूस आपल्यात होऊन गेला, याचं अप्रूप मला अजून वाटतं.

सगळे लोक इथं हरीणच बघतात असंही नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातल्या आदिवासींचं आकाशज्ञान गोळा केलं आहे. त्यात गोंडांना याच ताऱ्यांत नांगर दिसतो. मृगाच्या आधी नांगरट संपवणाऱ्या आपल्या मुलखाला खरं तर हाच आकार जास्त शोभला असता.

आता फोटोकडं येऊ. बाणाच्या खाली तीन मिणमिणते ठिपके लोंबताना दिसतात. त्यातला मधला ठिपका तारा नाही. नजर चांगली आणि रात्र काळी असेल तर तो थोडा धुरकट दिसतो, साध्या दुर्बिणीतून धूर आणखी स्पष्ट होतो. हा मृगातला मोठा तेजोमेघ, खगोलवाल्यांच्या यादीतला एम ४२. अंतर सुमारे १,३४० प्रकाशवर्षं. आज आपल्या कॅमेऱ्यात शिरणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा आपल्या मुलखावर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. तिथं वायू आणि धूळ यांतून नवे तारे घडताहेत. मधोमध चार तरुण, तापट ताऱ्यांची चौकडी आहे. त्यांच्या अतिनील किरणांनी आजूबाजूचा हायड्रोजन पेटल्यासारखा चमकतो. प्रत्यक्षात तिथं काही जळत नाही. किरणांच्या माऱ्यानं अणूपासून सुटलेला इलेक्ट्रॉन परत अणूत येताना जो प्रकाश टाकतो तो आपल्याला दिसतो. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा रंग ६५६.३ नॅनोमीटरचा गडद लाल. त्याला हायड्रोजन-अल्फा म्हणतात, आणि या पुस्तकात हा शब्द पुन्हा पुन्हा येईल.

कारण फोटो काढणाऱ्याची निम्मी कटकट या एका रंगाभोवती आहे. अंधारात आपल्या डोळ्याला तो लाल जवळपास दिसतच नाही. रात्रीची नजर ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-निळ्या प्रकाशाला सगळ्यात तिखट असते, म्हणून दुर्बिणीतून एम ४२ करडा-हिरवट दिसतो. बाजारातल्या साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढं एक गाळणी बसवलेली असते. माणसांचे चेहरे लालबुंद येऊ नयेत म्हणून ती हा गडद लाल बराचसा अडवते. तरी एम ४२ इतका उजळ आहे की साध्या कॅमेऱ्यातही गुलाबी उमटतो. बाकीच्यांचं तसं नाही. बाणाच्या डाव्या टोकाच्या ताऱ्याशेजारी ज्वालेसारखा फाटलेला एक मेघ आहे, आणि त्याच ताऱ्याच्या खाली लाल पडद्यावर घोड्याच्या डोक्याची काळी आकृती. ते घोड्याचं डोकं म्हणजे मागचा उजेड अडवणारी धूळ. १८८८ साली हार्वर्ड वेधशाळेत काढलेल्या एका काचेच्या प्लेटवर विल्यमिना फ्लेमिंग यांना ते प्रथम दिसलं. त्या स्कॉटलंडहून आलेल्या, आधी वेधशाळेच्या संचालकांच्या घरी कामाला होत्या. दुर्बिणीला डोळा लावून बसणाऱ्यांना जे दिसलं नव्हतं, ते प्लेट तपासणाऱ्या बाईला दिसलं.

आणखी एक मेघ आहे आणि तो मला या सगळ्यांत जास्त आवडतो. वर सांगितलेल्या मृगशीर्षाच्या भोवती हायड्रोजनचं एक प्रचंड वर्तुळ आहे. मधल्या उष्ण ताऱ्यानं पेटवलेलं, आकाशात पौर्णिमेचे दहा चंद्र ओळीत मांडले तरी पुरून उरेल एवढं रुंद. डोळ्यांना ते अजिबात दिसत नाही. ज्या पुंजक्यावरून आपण महिन्याला नाव दिलं, तो पुंजका एवढ्या मोठ्या लाल कड्यात बसला आहे, हे कॅमेऱ्याच्या आधी कोणालाच माहीत नव्हतं.

मग प्रश्न येतोच, आणि गावात फोटो दाखवला की पहिला हाच येतो: हा रंग खरा आहे का? माझं उत्तर असं की लाल रंग खरा आहे, त्याची तीव्रता आपण वाढवलेली आहे. प्रकाश तिथून येतो, त्याची तरंगलांबी मोजता येते, ती लालच आहे. डोळा एका क्षणात जेवढं टिपतो तेवढ्यावरच बघतो, कॅमेरा तासभर गोळा करत राहतो. पण पुढं संगणकावर बसून निळ्याचा जांभळा आणि लालाचा सोनेरी करणारे फोटोही आहेत, आणि त्यांना मोबाइलवर भरपूर वाहवा मिळते. त्यांच्याशी माझं भांडण नाही, फक्त तो मृगाचा फोटो आहे असं म्हणू नये.

मृगातल्या मोठ्या मेघाच्या, एम ४२च्या, प्रकाशाचं नीट मोजमाप आपल्या महाराष्ट्रात झालं होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला शिकवत. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी १८८८च्या सुमारास पुण्यात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. तिथली वीस इंची परावर्ती दुर्बीण तेव्हा देशातली सगळ्यात मोठी होती. त्या दिवसांत इंग्लंडमधले नॉर्मन लॉकियर ठासून सांगत होते की तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, आणि त्यांच्या वर्णपटातली मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे. पट्ट्याची कड असती तर ती एका बाजूला पसरट, पुसट दिसली असती. नायगमवालांनी मृगातल्या मेघाचा वर्णपट पुन्हा पुन्हा तपासला आणि १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात निष्कर्ष छापला: रेषा प्रत्येक वेळी बारीक आणि धारदारच दिसते. लॉकियरसारख्या बड्या माणसाच्या सिद्धान्ताला पुण्यातूनही धक्का बसला. मग ती रेषा कशाची? पुढं छत्तीस वर्षं कोणाला सांगता आलं नाही. ‘नेब्युलियम’ नावाचं एक नवंच मूलद्रव्य कल्पून लोक मोकळे झाले होते. १९२७ साली आयरा बोवेन यांनी उलगडा केला की तो साधा ऑक्सिजन आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आणि इतक्या विरळ अवस्थेतला की पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत तशी पोकळीही जमत नाही. आज तेजोमेघांसाठी विकत मिळणाऱ्या दुपट्टी गाळण्यांत एक पट्टा हायड्रोजन-अल्फाचा आणि दुसरा याच ऑक्सिजनचा असतो. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यात त्यांच्या नावाची फारशी आठवण उरली नाही.

आणि आपला बीड जिल्हा तेव्हा पुण्याच्या नव्हे, निजामाच्या मुलखात होता. तिथंही आकाशाचे फोटो काढले जात होते. नवाब जफर जंग यांनी १९०१ साली हैदराबादेत सुरू केलेली निजामिया वेधशाळा पुढं सरकारी झाली आणि अख्ख्या आकाशाचा छायाचित्रांवरून नकाशा करण्याच्या जागतिक प्रकल्पात उतरली. तिच्या वाट्याला खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला १७ ते २३ अंशांचा पट्टा आला होता. मृग विषुववृत्तावरच बसतो, त्यामुळं तो त्यात नव्हता.  मृगाच्या पायाखालचा ससा मात्र त्या काचांवर आहे. मृगातल्या मेघाचा पहिला फोटो त्याआधीच, ३० सप्टेंबर १८८० रोजी, अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी घेतला होता, एक्कावन्न मिनिटं प्लेट उघडी ठेवून. आज तेवढा तपशील आपला जुना मोबाइल तिपाईवर ठेवून जवळपास मिळतो. ड्रेपर यांचं कौतुक त्यामुळं कमी होत नाही, उलट वाढतं.

वडवणीतूनच का, याला माझ्याकडं उत्तर आहे आणि त्यात अभिमानाचा भाग थोडा, भूमितीचा जास्त. गाव साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळं मृगाचा बाण इथं क्षितिजापासून सुमारे सत्तर अंश चढतो. लंडनहून तो सदतीस अंशांवरच राहतो, म्हणजे तिथल्या माणसाला दीडपटीहून जास्त जाड हवेतून बघावं लागतं. गावाच्या दक्षिणेला बालाघाटाचे डोंगर आहेत, पण इतक्या उंचीवरून जाणाऱ्या मृगाला ते आडवे येत नाहीत. उलट उत्तर गोदावरीच्या सपाटीकडं मोकळी आहे, आणि फिरत्या माउंटची धुरी जुळवायला लागणारा ध्रुव इथं फक्त १९ अंश वर असल्यानं ती मोकळीक फार कामाची. अडचण एवढीच की क्षितिजाजवळ उजेड आहे. तेलगावकडं साखर कारखान्याचं गाळप सुरू असतं तेव्हा त्या दिशेचं क्षितिज पिवळं होतं. मृगाचा हंगाम आणि गाळपाचा हंगाम एकच असल्यानं यातून सुटका नाही. गावातले जुने पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, ते आणखी वाईट. पिवळा उजेड काही गाळण्या अडवू शकायच्या, हा पांढरा सगळ्या रंगांत मिसळलेला असतो. उपळीच्या कुंडलिका तलावाची बाजू किंवा डोंगराच्या कुशीतलं रान त्यामानानं बरं. पाण्याजवळ दव जास्त पडतं, लेन्सला गरम पट्टी गुंडाळावी लागते.

रात्रीची निवड करताना पंचांग कॅमेऱ्याइतकंच उपयोगी. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, चंद्र मृगाच्या डोक्याजवळच उभा असतो. महिन्याचं नावच त्यावरून पडलेलं. त्या रात्री कॅमेरा घरी ठेवा आणि दर्शनाला जा. त्यानंतर पंधरा दिवसांनी येते ती वेळा अमावस्या. लातूर-धाराशिवकडं आणि त्यांना लागून असलेल्या आपल्या पट्ट्यात येळवस म्हणून दिवसभर रानात जेवणं होतात, भज्जी-आंबिलाचा बेत असतो. पाहुणे रानातून परतले की तिथंच थांबावं. चंद्र नाही, थंडी आहे, मृग रात्रभर वर आहे. वर्षात याहून चांगली रात्र मला माहीत नाही.

रानात जाण्याआधी मालकाला सांगून जावं, ही सूचना तंत्राची नाही, तरी सगळ्यात आधी पाळायची. विहिरीवरच्या मोटारी आणि केबल चोरीला जातात, मध्यंतरी मराठवाड्यात रात्रीच्या ड्रोनची धास्ती पसरली होती. अशा मुलखात अंधारात तिपाई लावून उभा असलेला अनोळखी माणूस कोणाला खगोलप्रेमी वाटत नाही. शिवाय थंडीत गव्हाला-शाळूला पाणी द्यायची लाईट बहुधा रात्रीची असते. कोणीतरी बॅटरी घेऊन बांधावरून येणारच. एखादा फोटो त्या झोतात वाया जातो. त्या माणसाला बोलवून पडद्यावरचा मेघ दाखवला, तर पुढच्या वेळी तो बॅटरी खाली धरून येतो.

तंत्राचं सविस्तर पुढं आहे, इथं एकच गोष्ट. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात, आणि विषुववृत्तावरचे तारे सगळ्यात वेगानं, दर सेकंदाला १५ विकला. मृग नेमका तिथं आहे. जुन्या हिशेबानं ५००ला लेन्सच्या मिलिमीटरनं भागलं की चालणारे सेकंद मिळत. ५० मिलिमीटरला दहा. आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर तेवढ्यात ताऱ्याची रेघ होते. दोन-तीन सेकंदांचे भरपूर फोटो घ्यावेत आणि डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिलसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनं एकावर एक जुळवावेत. शंभर फोटो जुळवले की नको असलेला दाणेदारपणा दहापट कमी होतो. महागड्या माउंटची उणीव चिकाटीनं बरीचशी भरून निघते, आणि हे पुस्तक मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे ज्यांच्याकडं एक जुना कॅमेरा, तिपाई आणि मोकळं रान एवढंच आहे.

तेजोमेघांच्या घाईत साध्या फोटोला कमी लेखू नये. २०१९च्या ऑक्टोबरापासून मृगाचा तांबडा पाय, काक्षी, मंद होत गेला. २०२०च्या फेब्रुवारीत त्याची प्रत १.६पर्यंत उतरली, नेहमी ती ०.५च्या आसपास असते. हा तारा आता फुटणार, अशी चर्चा वर्तमानपत्रांपर्यंत आली. नंतर कळलं की त्यानं बाहेर फेकलेल्या वायूची धूळ होऊन तीच त्याच्या आड आली होती. त्या हिवाळ्यात ज्यांनी मोबाइलनं का होईना मृगाचे फोटो काढून ठेवले होते, त्यांच्याकडं त्या घटनेची नोंद आहे. म्हणून पहिल्या प्रकरणात दुर्बीण नाही. ५० मिलिमीटरची लेन्स घ्या, वरच्या कोपऱ्यात काक्षी आणि खालच्या कोपऱ्यात दुसरा ठळक पाय, राजन्य, येईल असा अख्खा मृग चौकटीत बसवा, व्याधावर फोकस जुळवा, रॉमध्ये साठवा, आणि फोटोवर तारीख, वेळ, गावाचं नाव लिहून ठेवा. घोड्याचं डोकं चौथ्या प्रकरणात येईल.